साल्वादोर लुरिया

१९४० सालच्या जून महिन्यातील गोष्ट आहे. जर्मन सैन्य पॅरिसच्या वेशीपाशी येऊन ठेपले होते. शहर सोडून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माणसांचा लोंढा लोटला होता. मोटारी होत्या, घोडागाड्या होत्या, हातगाड्यांवर अंथरुणे-पांघरुणे लादून निघालेली कुटुंबे होती. त्या गर्दीतून एक सत्तावीस वर्षांचा इटालियन डॉक्टर सायकलवरून वाट काढीत चालला होता. तो ज्यू होता. जर्मनांच्या हाती सापडणे म्हणजे काय, हे त्याला पुरते ठाऊक होते. मायदेशाचे दार दोन वर्षांपूर्वीच बंद झाले होते. ज्या देशाने आसरा दिला तोही आता परक्यांच्या टाचेखाली जात होता. सातशे किलोमीटरांहून दूर असलेले मार्सेय बंदर गाठावयाचे आणि अमेरिकेला जाण्याचा परवाना मिळवावयाचा, एवढी एकच आशा उरली होती.

त्या डॉक्टराचे नाव साल्वादोर लुरिया. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करून त्यांनी पुढे मोठे नाव मिळविले.

तुरिन हे उत्तर इटलीतील, आल्प्स पर्वताच्या सान्निध्यात वसलेले जुने नगर. तेथील एका ज्यू कुटुंबात १३ ऑगस्ट १९१२ रोजी लुरियांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव साल्वातोरे; अमेरिकेत गेल्यावर त्यांनी ते बदलून साल्वादोर असे केले. तुरिनच्या विद्यापीठात वैद्यक शिकत असताना त्यांना जुझेप्पे लेवी यांच्यासारखे करड्या शिस्तीचे गुरू लाभले. रीता लेवी-मोंताल्चिनी ही तरुणी व रेनातो डुलबेको हा तरुणही त्याच गुरूच्या हाताखाली तयार होत होते. एका गुरूच्या या तिन्ही शिष्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. असा योग विरळाच.

१९३५ मध्ये लुरिया डॉक्टर झाले. काही काळ त्यांनी सैन्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली. परंतु रोग्यांच्या नाडीपेक्षा त्यांचे मन पदार्थविज्ञानाकडे अधिक ओढ घेई. म्हणून ते रोमला गेले. तेथे एन्रिको फर्मी यांच्याभोवती जमलेल्या शास्त्रज्ञांच्या सहवासात माक्स डेलब्रुक या जर्मन शास्त्रज्ञाचे विचार त्यांच्या कानी आले. क्ष-किरणांच्या माऱ्याने प्राण्यांचे आनुवंशिक गुण बदलतात, हे तोवर सिद्ध झाले होते. त्यावरून डेलब्रुक यांचा असा तर्क होता की, आईबापांचे गुण मुलांकडे नेणारे जे जनुक, ते म्हणजे एक प्रकारचे रेणूच असले पाहिजेत; किरणांचा घाव बसताच त्या रेणूत मोडतोड होते. हा तर्क पारखून पाहावा कसा? माणसाच्या किंवा बैलाच्या अनेक पिढ्या पाहावयाच्या तर शास्त्रज्ञाचे आयुष्य पुरणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर लुरियांना एका बंद पडलेल्या ट्राममध्ये सापडले. रोममध्ये एके दिवशी ट्राम मध्येच थांबली. शेजारी जेओ रीता नावाचे जीवाणुशास्त्रज्ञ बसले होते. वेळ जावा म्हणून दोघांचे बोलणे सुरू झाले. त्यात रीतांनी आपल्या कामाची हकीकत सांगितली. आमांश, हगवण यांसारखे रोग उत्पन्न करणाऱ्या जीवाणूंनाही शत्रू असतात. ते इतके लहान की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. असा एखादा विषाणू जीवाणूला चिकटला की अर्ध्या तासाच्या आत जीवाणू फुटतो आणि त्यातून शेकडो नवे विषाणू बाहेर पडतात. शास्त्रज्ञ त्यांना बॅक्टेरिओफाज म्हणतात. आपण त्यांना जीवाणुभक्षक म्हणू.

हे इतके सूक्ष्म विषाणू मोजता मात्र सहज येतात. काचेच्या बशीत पोषक द्रव्याचा थिजलेला थर घालून त्यावर जीवाणू पसरले, तर एका रात्रीत दुधाळ साय धरावी तसा त्यांचा पापुद्रा तयार होतो. त्यात जेथे एक जीवाणुभक्षक पडला असेल, तेथे भोवतालचे जीवाणू मरून एक स्वच्छ गोल ठिपका उमटतो. जितके ठिपके तितके विषाणू. साध्या डोळ्यांनी मोजदाद करता येते आणि एका दिवसात कित्येक पिढ्या पाहता येतात. डेलब्रुक यांचा तर्क पारखण्यासाठी याहून सोयीचे साधन कोणते? लुरियांनी तत्काळ हे काम हाती घेतले.

इतक्यात इटलीच्या आकाशात काळे ढग जमले. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे केले. ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढण्यात आले. ज्यू विद्वानांच्या शिष्यवृत्त्या बंद झाल्या. लुरियांनी देश सोडला व पॅरिसची वाट धरली. तेथील रेडियम संस्थेत फेर्नां ओलवेक या पदार्थवैज्ञानिकाच्या सोबतीने ते जीवाणुभक्षकांवर किरणांचा मारा करून पाहू लागले. दोन वर्षे बरी गेली. पुढे काय झाले, ते आरंभी सांगितलेच आहे. ओलवेक मागे राहिले. जर्मनांविरुद्ध चाललेल्या गुप्त लढ्यात ते सामील झाले आणि १९४१ मध्ये जर्मन पोलिसांच्या छळाने त्यांचा अंत झाला.

लुरिया मार्सेयला पोचले, परवाना मिळाला, आणि १२ सप्टेंबर १९४० रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या भूमीवर पाऊल ठेवले. खिशात फारसे काही नव्हते. परंतु फर्मी त्यांच्या आधी अमेरिकेत येऊन स्थिरावले होते. त्यांच्या साहाय्याने एक शिष्यवृत्ती मिळाली आणि काम पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस डेलब्रुक यांची प्रत्यक्ष भेट झाली. महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा एक इटलीचा व एक जर्मनीचा असे हे दोघेही शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. युद्धाच्या कामावर त्यांना कोण घेणार? त्यामुळे त्यांना जीवाणूंसाठी भरपूर वेळ मिळाला, हे आपले भाग्यच म्हणावयाचे.

१९४३ च्या आरंभी लुरिया इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठात शिकवू लागले. एक कोडे त्यांच्या मनात घर करून बसले होते. जीवाणुभक्षकांच्या हल्ल्यात बशीतील जवळजवळ सारे जीवाणू मरतात, पण थोडे वाचतात. आणि वाचलेल्यांची संततीही त्या हल्ल्याला दाद देत नाही. ही शक्ती त्यांच्यात येते कोठून? शत्रूशी गाठ पडल्यावर त्यांच्यात हा पालट होतो, की तो आधीच आपोआप झालेला असतो?

प्राध्यापकांच्या एका मेळाव्यात लुरिया उभे होते. तेथे नाणे टाकून नशीब अजमावण्याचे एक यंत्र होते. लुरिया स्वतः जुगार खेळत नसत. एक सहकारी मात्र नाण्यांमागून नाणी घालीत होता आणि लुरिया त्याची थट्टा करीत होते. एवढ्यात यंत्रातून नाण्यांचा खळखळाट झाला. सहकाऱ्याने लुरियांकडे रागाने पाहिले व तो नाणी घेऊन चालता झाला. लुरिया तेथेच विचारात गढून गेले. बहुतेक वेळा काहीच नाही, आणि एखादे वेळी एकदम घबाड! जीवाणूंतील पालट आपोआप होत असेल, तर असेच घडले पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रयोगाची तयारी केली. निरनिराळ्या नळ्यांत थोडे थोडे जीवाणू स्वतंत्रपणे वाढविले. मग एकेका नळीतील जीवाणू जीवाणुभक्षक पसरलेल्या एकेका बशीत ओतले आणि किती वाचले ते मोजले. शत्रूशी गाठ पडल्यावरच पालट होत असता, तर प्रत्येक बशीत वाचलेल्यांची संख्या जवळजवळ सारखी भरली असती. परंतु बहुतेक बशांत एकही वाचला नव्हता, काहींत दोन-चार होते, आणि एखाद्या बशीत शेकडो. ज्या नळीत पालट लवकर झाला, तेथे त्या एका जीवाणूची मुले, नातवंडे, पतवंडे असा मोठा गोतावळा वाढला होता. म्हणजे पालट आधीच झालेला होता. डेलब्रुक यांनी या प्रयोगाचे गणित मांडले आणि त्याच वर्षी दोघांचा लेख प्रसिद्ध झाला. जीवाणूंनाही आनुवंशिकता असते, हे त्यामुळे लोकांना पटले.

हा लेख वाचून एव्हलिन विटकिन ही तरुण विद्यार्थिनी भारावून गेली. १९४४ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत तिने जीवाणूंवर अतिनील किरण सोडले. सूर्यप्रकाशात असणारे हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु जीवाणूंना ते मारक असतात. पहिल्याच प्रयोगात मात्रा फार झाली. अगणित जीवाणूंतून केवळ चार वाचले आणि त्यांच्या चार वसाहती वाढल्या. विटकिनने त्या जपून ठेवल्या, कारण हे चारही इतर जीवाणूंहून अतिनील किरणांना पुष्कळ अधिक टिकाव धरणारे निघाले. काही जीवाणू तो घाव सोसतात, तर काही का सोसत नाहीत, या प्रश्नाचा तिने नंतर जन्मभर पाठपुरावा केला.

लुरियाही याच वाटेने चालले होते. १९४७ मध्ये त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. अतिनील किरणांनी मेलेला एक जीवाणुभक्षक जीवाणूत शिरला, तर काही घडत नाही. परंतु असे दोन किंवा अधिक मेलेले एकाच जीवाणूत शिरले, तर त्यातून जिवंत विषाणूंची संतती बाहेर पडते! एका मोडक्या घड्याळाचे काटे व दुसऱ्याची चक्रे घेऊन एक चालते घड्याळ जुळवावे, तसे हे असावे, असे लुरियांना वाटले. विषाणूचे भाग जीवाणूच्या पोटात सुटे सुटे वाढतात व मग त्यांतील धडके भाग एकत्र येतात, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. ती कित्येकांना पटली. परंतु त्यांचेच जुने गुरुबंधू डुलबेको, ज्यांना लुरियांनी इटलीहून ब्लूमिंग्टनला बोलावून घेतले होते, त्यांनी किरणांची मात्रा वाढवून ती उपपत्ती कसास लावली, आणि ती टिकली नाही. पाहिलेली गोष्ट खरी होती, तिचे कारण निराळे होते. मोडके विषाणू आपल्या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल करून सावरतात, हे पुढे कळले. शिष्यवत् सहकाऱ्याने आपली चूक दाखविली म्हणून लुरियांनी मनात अढी धरली नाही. ही गोष्ट मला त्यांच्या पारितोषिकाहून लहान वाटत नाही.

१९४९ मध्ये डुलबेकोंच्या नजरेस आणखी एक कोडे पडले. किरणांनी मारलेले जीवाणुभक्षक घातलेल्या बशा मेजावर एकीवर एक रचलेल्या होत्या. वर नळीचा दिवा जळत होता. साऱ्या बशांतील द्रव एकच. म्हणून ठिपकेही सारखेच पडावयास हवे होते. पण दिव्याच्या सर्वांत जवळच्या बशीत ते अधिक होते. म्हणजे साध्या प्रकाशाने मेलेले विषाणू जिवंत होत होते! त्याच सुमारास कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्बर्ट केल्नर यांनाही मातीतील एका जीवाणूत हेच आढळले होते. लुरिया व त्यांचे सहकारी कित्येक वर्षे अशाच दिव्यांखाली काम करीत होते, पण ही गोष्ट तोवर कोणाच्याही ध्यानात आली नव्हती.

डुलबेको तेवढ्यावर थांबले नाहीत. नुसत्या विषाणूंवर प्रकाश पाडला, तर ते मेलेलेच राहतात. जीवाणूत शिरल्यानंतर प्रकाश पाडला, तरच ते उठतात, हे त्यांनी दाखविले. तेव्हा दुरुस्ती करणारा कारागीर जीवाणूच्या आत होता, हे उघड झाले.

हा कारागीर कोण, हे समजण्यासाठी आनुवंशिक द्रव्याची रचना कळणे आवश्यक होते. लुरियांचे एक विद्यार्थी जेम्स वॉटसन यांनी फ्रान्सिस क्रिक यांच्यासह १९५३ मध्ये ती उलगडली. डीएनए हा रेणू पीळ दिलेल्या दोरीच्या शिडीसारखा असतो. त्याच्या दोन धाग्यांवर चार प्रकारचे घटक ओळीने गुंफलेले असतात आणि एका धाग्यावरील घटकावरून समोरच्या धाग्यावरील घटक ठरतो. थायमिन हा त्या चारांपैकी एक. अतिनील किरण पडले की एकाच धाग्यावर शेजारी असलेली दोन थायमिने एकमेकांना घट्ट चिकटतात. तेथे शिडीला गाठ पडते. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या गाठीशी अडखळते आणि जीवाणू मरतो.

सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारी जी प्रथिने असतात, त्यांना विकर म्हणतात. क्लॉड रुपर्ट या शास्त्रज्ञाने १९५८ च्या सुमारास दाखवून दिले की, प्रकाशात दुरुस्ती करणारा कारागीर हे असेच एक विकर आहे. ते अंधारातही गाठीला जाऊन चिकटते, परंतु गाठ सोडविण्यासाठी त्याला निळ्या-जांभळ्या प्रकाशाची शक्ती लागते. प्रकाश मिळाला की गाठ सुटते, दोन्ही थायमिने पूर्ववत होतात, आणि विकर पुढच्या गाठीच्या शोधाला मोकळे होते. माणसाच्या शरीरात हे विकर नाही.

मग अंधारात राहणाऱ्या जीवाणूंनी काय करावे? १९६४ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी याचा शोध लावला. तुम्ही रफूगाराला काम करताना पाहिले आहे काय? शालीला भोक पडले की तो प्रथम खराब झालेले धागे कातरून काढतो आणि मग आजूबाजूची वीण पाहून नवे धागे भरतो. जीवाणूतील काही विकरे अगदी असेच करतात. ती डीएनएवर गस्त घालून गाठ शोधतात, तिच्या दोन्ही बाजूंना धागा कापतात आणि सुमारे बारा-तेरा घटकांचा तुकडा बाहेर काढतात. दुसरे विकर समोरचा शाबूत धागा पाहून रिकामी जागा भरते. तिसरे विकर शेवटची फट सांधते. शिडीला दोन धागे आहेत म्हणूनच हे जमते. एकच असता, तर नवी वीण कशावरून घालणार? आपल्या त्वचेतही असेच कातरून भरण्याचे काम अहोरात्र चालते. घाव फारच झाले, तर जीवाणू एकाच वेळी अनेक दुरुस्ती-विकरे बाहेर काढतो, हे विटकिन यांनी व इतर शास्त्रज्ञांनी पुढे उघड केले. रुपर्ट यांचे विद्यार्थी, तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ सांजार यांनी या विकरांचे काम तपशिलाने उलगडले. त्यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तोमास लिंडाल व पॉल मॉड्रिच यांच्यासह मिळाले.

लुरिया स्वतः १९५० मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेले. तेथेही दैवाने त्यांच्याशी एक खेळ केला. एका विशिष्ट जीवाणूत शिरलेले जीवाणुभक्षक त्याला मारीत, पण त्यांची संतती मात्र दिसत नसे. एके दिवशी, ज्या जीवाणूंवर ते ठिपके मोजीत त्यांची परीक्षानळी फुटली. आता काय करावे? त्यांनी जुझेप्पे बेर्तानी या सहकाऱ्याकडून आमांशाच्या जीवाणूंची नळी उसनी आणली. त्या परक्या जीवाणूंच्या बशीत हजारो ठिपके उमटले! संतती निपजत होती. नेहमीच्या जीवाणूंत तिला थारा मिळत नव्हता, इतकेच. यातून पुढे कळले की, जीवाणूंजवळ परके डीएनए ओळखून कापणारी विकरे असतात. स्वतःच्या डीएनएवर खूण असल्यामुळे ते वाचते. कापणारी ही विकरे आणि सांधणारी विकरे हाती आल्यावर शास्त्रज्ञांना डीएनएचे तुकडे हवे तसे जोडता येऊ लागले. माणसाचे इन्शुलिन जीवाणूंकडून करवून घेऊन ते १९८२ पासून मधुमेहाच्या रोग्यांना देता येऊ लागले, ते याच साधनांमुळे.

राज्यसत्ता माणसाचे काय करू शकते, हे लुरियांनी तरुणपणीच भोगले होते. त्यामुळे अन्याय दिसला की ते गप्प बसत नसत. १९५२ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांच्या राजकीय मतांमुळे त्यांना पारपत्र नाकारले आणि इंग्लंडमधील एका शास्त्रीय सभेला त्यांना जाता आले नाही. १९५९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत प्राध्यापक झाले. १९६९ मध्ये डेलब्रुक व आल्फ्रेड हर्षी यांच्यासह त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा व्हिएतनामातील युद्ध चालू होते. पारितोषिकाच्या रकमेतील मोठा भाग त्यांनी युद्धाला विरोध करणाऱ्या संस्थांना देऊन टाकला.

त्यांना शिल्पकामाचा छंद होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी साहित्यही वाचावे म्हणून ते त्यांच्यासोबत काव्य व कादंबऱ्या वाचीत. १९८४ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याच्या नावात त्यांनी नोबेल पारितोषिकाचा उल्लेख केला नाही. नाणी टाकण्याचे ते यंत्र आणि ती फुटलेली परीक्षानळी, या दोहोंनाच तेथे जागा दिली. ६ फेब्रुवारी १९९१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन या गावी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.